राईचे राखणदार आणि कागदावरील नावे

(संस्थानच्या वार्षिकोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या सभामंडपातून पुराण, कीर्तन अथवा संतवाङ्मय यांवर बोलावे असा आपला प्रघात आहे. त्या प्रघाताला किंचित मुरड घालून आज मी रानाविषयी बोलणार आहे. याला कारण आहे. देवालयाच्या पाठीमागील राईला कुंपण घालावे, आत पायवाटा व बाके करावीत, वृक्षांवर नावांच्या पाट्या लावाव्यात आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती राई निसर्गदर्शनास खुली करावी, अशी सूचना मंडळापुढे विचारार्थ आहे. सूचनेमागील हेतू उत्तम आहे. सिमेंटच्या जंगलात वाढणाऱ्या मुलांना खरे रान पाहावयास मिळावे, असे कोणास वाटणार नाही? माझाही तिला विरोध नाही. परंतु कुंपणाचा पहिला खांब रोवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर आपण शोधले पाहिजे. त्या कुंपणाच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, हा तो प्रश्न होय.

मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे, की शिकारी अथवा गिर्यारोहकही नव्हे. माझी सारी नोकरी कचेरीतील नोंदवह्या, टिपणे आणि दाखले यांच्या सहवासात गेली. त्या धंद्यात माणसाला एक गोष्ट पक्की कळते. जे वहीत नोंदले गेले नाही, ते कचेरीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. माणूस समोर उभा असतो, त्याचे घर, विहीर, त्याने लावलेला फणस डोळ्यांना दिसत असतो. तरी कागदावर नाव नसेल तर तो तेथला नव्हे, असा निकाल लागतो. रानाच्या बाबतीत हेच घडत आले आहे, आणि तेवढेच मी यथामति आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम राईचा विचार करू. गोमंतकात देवाची राई हा शब्द उच्चारताच जुन्या माणसांचा हात आपोआप जोडला जातो. त्या राईत कुऱ्हाड घालावयाची नाही, वाळलेली काटकीसुद्धा देवाला विचारल्याविना उचलावयाची नाही, पायताण बाहेर काढून आत जावयाचे, असा दंडक. सत्तरी महालात बांबर येथे निरंकाराची राई आहे. रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल तेथे टिकून आहे. अशा दलदली सह्याद्रीत आता अगदी थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. शास्त्रज्ञ दूरदूरहून ती पाहावयास येतात. ती टिकली, ती काही सरकारी फलकाने नव्हे. निरंकाराचे भय आणि निरंकाराची भक्ती या दोहोंनी ती राखली, आणि ते भय व ती भक्ती बाळगणारी माणसे त्याच गावची होती.

आपल्या सातेरीचेच पाहा. सातेरी म्हणजे रोयण, वारुळाच्या रूपाने प्रकट झालेली भूमाता. गावोगावच्या देवळांत आज तिला चांदीचा मुखवटा आहे, पैठणी आहे, पालखी आहे. परंतु मुळाशी आहे ती रानातली माती. पावसाळ्याच्या तोंडाशी अळमी कोणत्या रोयणीवर उगवतात, तायकिळा केव्हा कोवळा असतो, आकूर कोणत्या वहाळाच्या काठी मिळतो, फागले कोणत्या वेलीवरचे घ्यावे आणि कोणते पुढच्या वर्षासाठी ठेवावे, हे ज्ञान कोणत्या ग्रंथात आहे? ते गावडे, कुणबी, वेळीप, धनगर यांच्या घरच्या बायकांपाशी आहे. श्रावणात आपल्या पानावर वाढलेली रानभाजी त्यांच्या पाटीतून आलेली असते. ती भाजी आपण आवडीने खातो. ती आणणारीचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आणखी एक गोष्ट महाजनांनी तर विसरताच कामा नये. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश आणि तिसवाडी येथील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा आपले देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. श्रीमंगेश कुशस्थळीहून, श्रीशांतादुर्गा केळशीहून, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून. तेव्हा तो मुलूख आदिलशाहीत होता आणि डोंगरझाडीचा होता. परंतु तो निर्मनुष्य होता काय? नव्हता. त्या झाडीत आधीपासून राहणारी, नाचणी पेरणारी, गुरे चारणारी, आपल्या रोयणीला व राखणदाराला नारळ ठेवणारी माणसे होती. देवाची मूर्ती पाठीशी घेऊन रात्रीच्या अंधारात आलेल्या परागंदा कुटुंबांना त्या रानाने आसरा दिला, असे आपण म्हणतो. रान आसरा देते, म्हणजे रानातील माणसे देतात. आपल्या पूर्वजांची नावे आपल्या कुळवृत्तांतांत आहेत. त्यांना जागा करून देणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपल्या दप्तरात आहेत, हे दप्तर उघडून एकदा पाहण्यासारखे आहे.

लिसेवात शिकलेले पोर्तुगीज अद्याप विसरलो नसल्यामुळे स्नेही मंडळी जुने कागद घेऊन मजकडे येतात. त्या निमित्ताने १५२६ सालचा फोराल पुन्हा वाचावयास मिळाला. अफोंसु मेशीय नावाच्या वेदोर दा फाझेंदाने, म्हणजे खजिन्याच्या मुख्याधिकाऱ्याने, तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या व शेतकऱ्यांच्या चालीरीती लिहून काढल्या, तोच हा फोराल. ही मोठी विलक्षण घटना आहे. तोपर्यंत ज्या रूढी केवळ लोकांच्या स्मरणात आणि तोंडात होत्या, त्या कागदावर उतरल्या आणि कायदा होऊन बसल्या. मानाचे पान प्रथम कोणास, पाचोडी कोणास, शेतकामाला आधी हात कोण लावील, हे सारे त्यात येते. मथळ्यात शेतकऱ्यांचा उल्लेख आहे खरा. पण मान आणि अधिकार आहेत ते गावकऱ्यांचे. मुलींना वारसा नाही, हेही त्यात नमूद आहे. पुढे १८८६ साली आणि नंतर १९३३ साली आपल्या देवस्थानांसाठी माझानियांचे रेजिमेंत झाले आणि महाजनांची नावे नोंदणीपुस्तकात चढली. बहुतेक देवालयांत ती नावे पुरुषवंशाची. ढोल वाजविणारा, दिवटी धरणारा, राईच्या कडेला राहून तिची राखण करणारा यांना सेवेचा मान मिळाला. त्यांच्याकडून सल्ला कोणी घेतला नाही.

हा दोष काढण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या त्या काळाचे नियम त्या त्या काळाचे असतात. परंतु त्यातून एक धडा मिळतो. १५२६ साली तोंडचे शब्द लिहून घेतले म्हणून ते हक्क झाले. ज्यांना त्या दिवशी विचारले नाही, त्यांचे हक्क पुढची चार-पाच शतके हवेत राहिले. विचारणे आणि लिहून घेणे, या दोन साध्या क्रियांत माणसाचे आपलेपण ठरून जाते.

आता थोडे दूर जाऊ, कारण रानाला कुंपण घालून ते लोकांच्या आनंदासाठी राखून ठेवण्याची आजची कल्पना दूरच्या देशातून आली आहे. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. त्याआधी १८६४ साली योसेमिटीची दरी कॅलिफोर्निया राज्याकडे जनतेच्या उपभोगार्थ सोपविण्यात आली होती. जनतेच्या, हा शब्द ध्यानात ठेवा. त्या दरीत आवानीची नावाचे मूळचे लोक राहत होते. १८५१ साली सशस्त्र तुकडी आत शिरली आणि त्यांना हुसकावून लावले. त्यांची घरे जाळून मग ती दरी मानवस्पर्शरहित म्हणून वाखाणण्यात आली.

याच उद्यानांची दुसरी एक कथा आहे. आजच्यासारखे वनरक्षक नेमले जाण्यापूर्वी ती राखण्याचे काम सैन्याकडे होते, आणि १८९९, १९०३ व १९०४ या वर्षी योसेमिटी व सिकोया येथे ते काम कृष्णवर्णीय घोडदळाच्या तुकड्यांनी केले. १९०३ साली सिकोया उद्यानाचे प्रभारी अधीक्षक होते कॅप्टन चार्ल्स यंग. गुलामगिरीत जन्मलेल्या या गृहस्थांच्या देखरेखीखाली महावृक्षांच्या वनापर्यंत गाडीरस्ता पोहोचला. परंतु पुढे १९३९ साली व्हर्जिनियातील शेनानडोआ उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन हे वेगळे ठिकाण राखून ठेवण्यात आले. जंगल राखावयास ज्यांचे हात चालले, त्यांच्या वंशजांना सहलीला येताना वेगळ्या पंक्तीत बसावे लागले. १९५०पर्यंत ती विभागणी उठली; तथापि आपण येथे परके आहोत ही भावना पाटी काढल्याने लगेच जात नाही. पंक्तिभेद म्हणजे काय, हे आपणा देवळातल्या माणसांना वेगळे समजावून सांगावयास नको.

आता आपल्याकडे येऊ. मुक्तीनंतर गोव्यात अभयारण्ये झाली. १९६८ साली खोतीगाव, १९६९ साली मोले व बोंडला, १९८८ साली चोडणचे पक्षी अभयारण्य, आणि १९९९ साली राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांच्या कारकिर्दीत म्हादई व नेत्रावळी. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर; त्यापैकी सुमारे ७५५, म्हणजे एक पंचमांश भूमी आज संरक्षित आहे. हे न झाले असते, तर खाणींच्या तडाख्यातून काय उरले असते हे सांगणे नको. ही अभयारण्ये आपली मोलाची ठेव आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

परंतु कारकुनाच्या नजरेने १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा. अभयारण्याचा इरादा जाहीर झाला की जिल्हाधिकाऱ्याने प्रादेशिक भाषेत घोषणा प्रसिद्ध करावयाची, आणि ज्याचा म्हणून काही हक्क असेल त्याने घोषणेपासून दोन महिन्यांच्या आत लेखी दावा दाखल करावयाचा. कागदावर पद्धत निर्दोष आहे. आता डोंगरमाथ्यावरील धनगराच्या घरी ती घोषणा कशी पोहोचेल, याचा विचार करा. पावसात वाट बंद, अक्षरओळख नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असली तरी पावती कधी कोणी दिलेली नाही. त्याच्यासाठी ते दोन महिने आले केव्हा आणि गेले केव्हा, हे त्याला कळावे कसे? मुदत टळली की जो काल रानचा रहिवासी होता, तो आज रानातला घुसखोर ठरतो.

आणि त्याच रानात दुसरा एक मनुष्य येतो. त्याच्या पायांत भारी बूट, गळ्यात दुर्बीण, हातात तिकीट. तो निसर्गप्रेमी. सरपणाची मोळी घेऊन येणारी बाई मात्र संशयित. तिच्या कमरेची कोयती पाहून चौकीवरचा शिपाई तिला हटकतो. दोघेही त्याच वाटेने चालतात. किंबहुना ती वाट तिच्या आजीच्या पायांनी पडलेली असते. एकाचे चालणे ही सहल आणि दुसरीचे चालणे हा गुन्हा. मला तिकीट काढणाऱ्याचा राग नाही. तो येतो, पाहतो, त्याच्या मनात रानाविषयी ममता उपजते, हे हवेच आहे. मोल्याच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग, विजेची वाहिनी आणि महामार्ग नेण्याचे घाटले, तेव्हा २०२० साली शहरातील विद्यार्थी, कलावंत आणि सामान्य नागरिक पुढे सरसावले, आणि २०२२च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रान पाहिलेले लोकच रानासाठी उभे राहतात. माझे म्हणणे इतकेच की, पाहणाऱ्याला जेवढी जागा मिळते तेवढी राहणाऱ्यालाही मिळावी.

सहलीच्या आणि गिर्यारोहणाच्या क्षेत्रातही असेच होत आले आहे. १९५३ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर दोन माणसे उभी राहिली. इंग्लंडच्या राणीने हिलरी आणि मोहिमेचे नेते हंट यांना सर ही पदवी दिली. तेनसिंग यांना जॉर्ज पदक मिळाले. दोर एकच, शिखर एकच, मान निराळे. महाराष्ट्रातील गडकिल्ल्यांवर जाणारे तरुण रायगडाच्या हिरकणी बुरुजाजवळ थांबून ती कथा मोठ्या अभिमानाने सांगतात. हिरकणी कोण होती? दूध विकावयास गडावर आलेली गवळण. लेकरासाठी अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. आजही अनेक गडांच्या पायथ्याशी धनगरवाड्यांतील बाया चुलीवर पिठले-भाकरी करून याच तरुणांना वाढतात आणि त्यांचे भाऊ वाटाडे होऊन पुढे चालतात. हिरकणीच्या नावाचा बुरूज आहे, हे भाग्यच म्हणावयाचे. परंतु भाकरी वाढणारीला आणि वाट दाखविणाऱ्याला आपण कधी विचारतो काय, की बाई, या डोंगराचे काय करावे असे तुम्हांला वाटते?

न विचारल्याचा परिणाम काय होतो, त्याचे दुःखद उदाहरण आपल्याच भूमीत आहे. २०२० सालच्या जानेवारीत म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोगाचा संशय होता, आणि तेथील पशुपालक कुटुंबातील माणसांना अटक झाली. वाघांनी गुरे मारली होती. या कृत्याचे समर्थन कोणी करू नये. मीही करीत नाही. वाघ हे देवीचे वाहन आहे, आणि मुक्या जिवाला विष घालणे हे पापच. परंतु गुरे गेल्यावर ज्या घराचा संसारच कोसळतो, त्याचे गाऱ्हाणे वेळेवर ऐकून घेणारे कोणी असते, तर वाघ आणि माणूस दोघेही वाचते, असे माझे मन सांगते. पुढे २०२३च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करावे असा आदेश दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वर्तमानपत्रे दोन्ही बाजूंच्या वक्तव्यांनी भरून गेली. त्याच निकालात वननिवासींचे दावे एका वर्षाच्या आत निकालात काढावेत असाही आदेश होता; त्याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी ऐकू आली.

वास्तविक त्यासाठी कायदा आहे, आणि चांगला कायदा आहे. २००६ साली संसदेने अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम संमत केला. त्यापूर्वीच्या काळात वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे. सरकारी भाषेत असा कबुलीजबाब क्वचितच वाचावयास मिळतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे यावयाचा. आणि पुरावा कोणता? मला सर्वांत आनंद झाला तो येथे. सरकारी दाखले तर चालतातच. त्याशिवाय जुनी घरे, विहिरी, स्मशाने, पवित्र स्थाने या खुणा चालतात, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वृद्धांचे निवेदन लिहून घेतले तर तेही चालते. म्हणजे १५२६ साली गावकऱ्यांच्या तोंडचे शब्द जसे कागदावर उतरले, तद्वत् धनगराच्या आजोबांचे शब्दही आज कागदावर उतरू शकतात. फरक एवढाच की, कोणीतरी त्यांच्या अंगणात जाऊन बसले पाहिजे.

गोव्यात २००३ साली गावडा, कुणबी आणि वेळीप यांची अनुसूचित जमातींत गणना झाली. धनगर-गवळी त्या वेळी त्या यादीत आले नाहीत. याचा अर्थ कायद्याच्या भाषेत असा होतो की, जमातीच्या यादीतील माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा आपला वास दाखविला की पुरे. यादीबाहेरच्याने त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षे, दाखविली पाहिजेत. रानमाथ्यावर गुरांमागे फिरणाऱ्याने १९३०च्या सुमाराचा पुरावा कोठून आणावा? अशा वेळी राई, रोयण, राखणदाराचा पाषाण आणि वृद्धांची आठवण हेच त्याचे दप्तर. आणि देवस्थानाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत एखादी ओळ असेल, अमुक सालच्या जत्रेला धनगरांकडून दूध अथवा लोणी आले म्हणून, तर ती ओळ त्याच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाची ठरेल. आपल्या कपाटांत कसर लागत पडलेल्या वह्यांचा असाही उपयोग आहे.

हक्क दिले की रान संपेल, अशी भीती काही सुशिक्षितांना वाटते. ती अगदीच निराधार नव्हे. दलालांचे लक्ष जमिनीवर असतेच. परंतु या कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाने जाते, विकता येत नाही. आणि हक्काबरोबर वन्यजीव व जैवविविधता राखण्याचे कर्तव्यही कायद्याने लादले आहे. अनुभव काय सांगतो, तेही पाहू. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गोंड वस्तीच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि गाव स्वतः आपल्या बांबूचा हिशेब ठेवू लागले.

दुसरे उदाहरण तर देवळाचेच आहे. कर्नाटकात बिळिगिरी रंगस्वामीचा डोंगर आहे. तेथील सोलिग जमातीच्या मुलीशी रंगनाथाने लग्न केले, म्हणून देव आमचा मेहुणा, असे सोलिग मानतात. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले, २०११च्या जानेवारीत व्याघ्र राखीव क्षेत्र झाले, आणि त्याच वर्षी सोलिगांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र राखीव क्षेत्रात असे हक्क मिळण्याचा देशातील तो पहिला प्रसंग. त्यानंतर तेथील वाघ नाहीसे झाले नाहीत; २०१० व २०१४ या दोन गणनांमध्ये त्यांची संख्या वाढलेली दिसली. सोलिग पूर्वी हिवाळ्याच्या अखेरीस पालापाचोळ्याला हलका विस्तव लावीत. ती चाल बंद पडल्यावर घाणेरीचे रान माजले, असे त्यांचे म्हणणे. संशोधकांनी त्यांच्याबरोबर हिंडून या म्हणण्याची गांभीर्याने नोंद घेतली. ज्याला आपण अडाणी समजतो, त्याच्यापाशी कधी कधी आपल्या प्रश्नाचे उत्तर असते. आपल्या मराठीतही मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून रानाचे शब्द गोळा केले, आणि त्यामुळे आपली भाषा श्रीमंत झाली. २०२५ साली ते निवर्तले. शब्द मात्र राहिले, कारण ते कोणीतरी विचारले होते आणि लिहून घेतले होते.

श्रोतेहो, आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या राईविषयी मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. यासाठी देवस्थानाच्या नियमावलीत कोणताही बदल नको. व्यवस्थापक मंडळाचा साधा ठराव पुरे.

पहिली विनंती अशी की, कुंपणाचा नकाशा काढण्यापूर्वी राईच्या आसपासची गावडे, कुणबी आणि धनगर घरे यांच्याशी राईतच एक बैठक व्हावी. तेथे आपण बोलू नये, ऐकावे. राखणदाराला कोण नारळ ठेवतो, गुरे पाण्याला कोणत्या वाटेने जातात, कोणती मुळी कोणत्या दुखण्यावर चालते, हे त्यांच्याच कोंकणीत एका वहीत उतरावे. सांगणाऱ्याचे आणि सांगणारीचे नाव शेजारी लिहावे, आणि ती वही महाजनांच्या नोंदणीपुस्तकाच्या कपाटातच ठेवावी.

दुसरी विनंती, त्या वहीत आलेल्या वाटा, पाणवठे आणि वार्षिक देवकार्ये यांना कुंपणाचा अडथळा होऊ नये. पाहुण्यांना दार आणि वेळ असावी. वहिवाटदारांना तिकीट नसावे. तेथील पंक्तीला मानाचा भेद नसावा.

तिसरी विनंती, राई दाखविणारे वाटाडे याच घरांतले असावेत आणि त्यांना योग्य वेतन मिळावे. वृक्षांच्या पाट्यांवर शास्त्रीय नावाबरोबर त्यांनी सांगितलेले नाव असावे. राईची देखरेख करण्यासाठी जी उपसमिती होईल, तिच्यात त्यांचे दोन प्रतिनिधी असावेत. त्यांपैकी एक स्त्री असावी, आणि दोघांनाही मताचा अधिकार असावा. चहा देण्यासाठी बोलाविणे आणि मतासाठी बोलाविणे यांत अंतर आहे.

यावर कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी हे केले नाही, मग आपण का करावे? त्यांना माझे नम्र उत्तर असे. आपल्या पूर्वजांनी फार मोठी गोष्ट केली; जीव धोक्यात घालून देव आणले. त्या देवांना ज्या भूमीने ठाव दिला, तिच्या माणसांचे नाव लिहिण्याचे काम राहिले आहे. पुढच्या पिढीने ते करावयाचे असते. महाजन या शब्दाचा अर्थ मोठा जन असा आहे. मोठेपण आपल्या नावाने सिद्ध होत असेल. ते टिकते मात्र दुसऱ्याचे नाव लिहिल्याने.

राई ही आपली आहे, यात शंका नाही. परंतु आपली हा शब्द उच्चारताना आपण कोणाकोणाला त्यात धरतो, याचा विचार श्रींच्या समोर उभे राहून प्रत्येकाने करावा. पावसाळा संपता संपता ही बैठक व्हावी, म्हणजे पुढील उत्सवात त्या वहीचे पहिले पान आपणांस येथेच वाचता येईल.

 रानातील आणि गावातील, नाव असलेल्या आणि नाव नसलेल्या सर्व लेकरांवर श्रींची कृपादृष्टी सारखीच राहो, अशी त्यांच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

इत्यलम्.